बोळ, शेळी आणि जैसे थे

कायदा मला जेवढा कळतो तेवढा आख्ख्या पंचवटीत कुणाला कळत नाही. म्हणून तर मी कोर्टात जिंकलो आणि त्याच दिवसापासून माझा धंदा बंद पडला!

शाळेचं विचाराल तर शाळेत मी गेलोय. एकदा. भिंतींना चुना मारायला. पण धंदा माझा नावाजलेला होता. संध्याकाळी गंगेवर भेळभत्त्याची हातगाडी लावायचो. (आम्ही नाशिकवाले गोदावरीला गंगाच म्हणतो. आणि गंगेत बुडी मारून वर माझा भत्ता खाल्ला नाही तर पाप पुरतं धुतलं जात नाही, असं मी बाहेरगावच्या लोकांना सांगायचो. अर्धे लोक घाबरून घ्यायचे.) मुरमुरे, शेव, चिंचेचं पाणी, हिरवी चटणी आणि वरून कांदा. कांदा सासुरवाडीचा, चांदवडचा. तो चिरणारी बायको पण चांदवडची. दोघांनी मला सारखंच रडवलंय.

राहायला आम्ही आप्पांच्या अंगणात. आप्पा म्हणजे आमचे घरमालक. पुढे रस्त्याला त्यांचं घर, मागे अंगण, अंगणात माझी एक खोली आणि माझी गाडी. अंगणातून रस्त्यावर यायला आप्पांच्या घराला लागून एक बोळ. त्या बोळात समोरून जाडा माणूस आला तर दोघांनी पोटं आत घ्यायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पण माझी गाडी त्यातून बरोब्बर निघायची. इकडे चार बोटं, तिकडे चार बोटं. देवाने आधी माझी गाडी केली आणि मग उरलेल्या जागेत पंचवटी बसवली, असंच वाटायचं.

आणि एक दिवस आप्पांनी बोळाच्या तोंडाशी विटा आणि वाळू आणून टाकली!

"आप्पा, हे काय?"

"भिंत घालतोय. अर्धा बोळ घरात घेतो. जावयाला पानाचं दुकान काढून द्यायचंय."

"मग माझी गाडी?"

"अरे बबन्या, तू जाशील की आडवा होऊन. गाडीला कशाला जायला पाहिजे?"

"आप्पा, गिऱ्हाईक गाडीवर येतं. मी नुसता आडवा होऊन गंगेवर उभा राहिलो तर लोक पुढ्यात पिंडच ठेवतील!"

आप्पा हसले, पण वाळू काही हलवली नाही. उलट त्यांच्या शेळीचा खुंटा वाळूखाली गाडला गेला, म्हणून त्यांनी शेळी आणून माझ्या गाडीच्या चाकाला बांधली. म्हणजे रस्ता त्यांनी घेतला आणि शेळी मला दिली!

माझी बायको सुमन त्याच वेळी माहेरी निघाली होती, भाच्याच्या जावळाला, तयारीसाठी म्हणून चांगली पंधरा दिवस आधी. पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आपलं पोट ह्या बोळातून चालतंय. बोळ गेला की गाडी गेली आणि गाडी गेली की आपण गेलो. मी येईस्तोवर बोळ हाय तसा राहिला पायजे. जन्मात एक काम नीट करा."

"हाय तसा राहील," मी म्हणलं. मला काय माहीत, तोंडातून काय निघतंय ते!

बोळाच्या तोंडाशी सलीमभाईंचं सायकलीचं दुकान होतं. आळीत कुणाचं काही अडलं की पहिली हवा सलीमभाई भरणार. त्यांनीच मला वकील गाठून दिला. वकीलसाहेबांची सायकल आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायची आणि ती सलीमभाई दोस्तीखात्यात काढून द्यायचे. "बबनभाई, घबराव मत," सलीमभाई म्हणाले, "वकीलसाब आपलाच माणूस हाय. कोर्टात असा बोलतो की सामनेवाला झोपून जातो." (पुढे मी बघितलं. सामनेवाला जागा होता. मी झोपलो.)

कोर्टात जायचं म्हणून मी टेरिकॉटची पँट घातली. लग्नातली होती. बसलं की बटण बोलायचं. माझा रोजचा लेंगा धुऊन अंगणात दोरीवर टाकला. आणि आपणच जिंकणार अशी खात्री असल्यामुळे सकाळीच कांदा चिरून, चटणी वाटून, गाडी शिगोशीग भरून ठेवली. म्हणलं, कोर्टातून यायचं आणि तसंच गंगेवर!

कोर्टात काय झालं ते मला विचारू नका. आप्पांचा वकील काहीतरी बोलला, आमचा वकील काहीतरी बोलला, जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आणि सगळे उठले. मी पण उठलो. बटण गेलं.

बाहेर वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मिळालं रे बबन! जैसे थे मिळालं!"

मी एका हाताने पँट धरून म्हणलं, "चांगलं असतं का साहेब?"

"चांगलं? अरे, जैसे थे म्हणजे जे जसं आहे ते तसंच. पुढच्या तारखेपर्यंत काडी हलवायची नाही!"

"कुणी?"

"कुणीच नाही. दोघांनाही लागू."

"दोघांना?"

"दोघांना! हलवलं की कोर्टाचा अपमान. आत टाकतील. आणि हे बघ, कोर्ट एक कमिशनर पाठवणार आहे, जागा बघायला. त्याला जे जसं दिसेल तसं तो लिहून नेईल आणि त्यावर सगळं ठरेल. नीट दाखव हो!" एवढं बोलून साहेब दुसऱ्या केसला पळाले. काळा कोट उडाला, माझा प्रश्न हवेत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी काय घाबरायची गोष्ट? अहो, आणीबाणी नुकतीच उठली होती. हुकूम म्हणलं की माणूस आधी घाबरायचा आणि मग सवडीने त्याचा अर्थ लावायचा.

मी धावत घरी आलो. अंगणात उभा राहून चारी बाजूंनी बघितलं. काय काय जसं आहे? वाळू आहे तशी. विटा आहेत तशा. गाडी भरलेली, आहे तशी. चाकाला शेळी, आहे तशी. दोरीवर लेंगा, ओला, आहे तसा.

गाडीच्या दांड्याला हात घालणार तेवढ्यात मी तो मागे घेतला. काडी हलवायची नाही! मग गाडी कशी हलवायची?

सलीमभाईंना विचारलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "जैसे थे? ये तो सीधी बात हाय. जैसे थे मतलब जैसे थे."

झालं! जाणकार माणसाचं मत पडलं!

संध्याकाळी आप्पा शेळी सोडायला आले. मी आडवा झालो. "आप्पा, हात लावू नका! कोर्टाचा अपमान होईल!"

"अरे, माझी शेळी आहे!"

"शेळी तुमची, चाक माझं, गाठ कोर्टाची! तुमच्या वकिलाने काय सांगितलं?"

आप्पांचा चेहरा पडला. "काडी हलवायची नाही म्हणाला."

"मग शेळी काडीपेक्षा मोठी की लहान?"

आप्पांनी हात मागे घेतला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून आप्पांची बायको, म्हणजे काकी, ओरडली, "अहो, शेळी आणताय ना? चहाला दूध नाही!" आप्पा मान वर करून म्हणाले, "कोरा घे. कोर्टाचा हुकूम आहे." आणि खाली मान घालून गेले. त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं, ते कशाला खोटं बोलू?

पण शेळी खाणार काय? मालक हात लावेना, म्हणून मीच तिला पाला आणून घालायला लागलो. मी गाडीवरच्या मुरमुऱ्याला हात लावत नव्हतो, ती तोंड लावायची. (तिला समन्स नव्हतं.) दोन दिवसांत शेव संपवली. मी उपाशी आणि माझ्या विरोधी पार्टीची शेळी अशी गुबगुबीत, की काकी रोज खिडकीतून बघून उसासे टाकायची. मग धार काढायची का नाही, यावर माझी आणि आप्पांची बोळात सभा झाली. दूध काढलं तर शेळी जशी होती तशी राहत नाही. नाही काढलं तरी जशी होती तशी राहत नाही! शेवटी असं ठरलं की धार काकीने काढायची, पण गाठीला धक्का लागता कामा नये. काकी धार काढताना आम्ही दोघं दोन बाजूंनी गाठीवर नजर ठेवून उभे. कोर्टाने सुद्धा आम्हाला एवढ्या एकीने उभं केलं नव्हतं!

लेंगा दोरीवरून काढता येत नव्हता. तो वाळला, मग पहाटे दवाने ओला झाला, परत वाळला. मी रात्रंदिवस बिनबटणाच्या टेरिकॉट पँटीत. उंबऱ्याच्या आतमध्ये मात्र कायदा नाही, असं मी माझं मी ठरवून टाकलं, कारण भूक लागली होती. आणि एक दिवस आरशात बघितलं तर दाढी वाढलेली! हुकमाच्या दिवशी मी गुळगुळीत होतो. कमिशनरने विचारलं तर? म्हणून मी रोज दाढी करायला लागलो. लग्नात सुद्धा मी एवढा स्वच्छ नव्हतो.

आणि चटणी! अहो, गाडीवरची चटणी आणि चिरलेला कांदा. पहिल्या दिवशी वास आला, दुसऱ्या दिवशी तो बोळात फिरायला लागला, पुढे तो रस्त्यावर जाऊन सलीमभाईंच्या गिऱ्हाइकांना भेटायला लागला. "बबनभाई," सलीमभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, "टायरमध्ये हवा भरायला लोक येत नाय आता. म्हणतात, ही हवा नको."

"सलीमभाई, कायदा म्हणजे कायदा."

"कायद्याला नाक नसते काय?"

तरी मी खूश होतो बरं का. भिंत नव्हती ना झाली! एवढंच कळत नव्हतं, की भिंत झाली असती तर गाडी आत अडकली असती आणि भिंत झाली नाही तरी गाडी आतच आहे. आप्पांना विटा लावायची गरजच उरली नव्हती. त्यांचं काम मी फुकटात करत होतो!

अशात मला सुमन आठवली. (चांगल्या अर्थाने नव्हे, कायद्याच्या अर्थाने.) हुकमाच्या वेळी ती घरात नव्हती. मग ती घरात आली तर? जे जसं आहे ते तसं राहील का? माणूस वाढतो की! मी हादरलो. पळत जाऊन चांदवडकडे परत निघालेला कांद्याचा टेम्पो गाठला. ड्रायव्हर तिच्या गावचाच होता. त्याला म्हणलं, "सुमनला निरोप दे. म्हणावं, इतक्यात येऊ नको. कोर्टाचा हुकूम झालाय, जैसे थे."

ड्रायव्हर म्हणाला, "सांगतो की!"

आणि त्याने जाऊन सांगितलं. भर जावळात. सगळ्या पाव्हण्यांसमोर. "सुमनताई, दाजींनी कोर्टात केस केली. ते जिंकले. आता तू घरी यायचं नाय असा हुकूम निघालाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच टेम्पो आमच्या बोळापुढे येऊन करकचून थांबला. मागून कांद्याच्या गोण्यांवरून सुमन उतरली. तिच्या मागून तिचा भाऊ रंगनाथ, बाह्या वर करत. बोळाएवढी छाती होती त्याची. खरं सांगतो, तो आत शिरला तेव्हा बोळात उजेड यायचा बंद झाला.

"कुठंय तो माणूस?" सुमनचा आवाज. "मला सोडलं म्हणे कोर्टातून! मला! ज्याला सदऱ्याचं बटण कोणत्या भोकात जातं ते मी शिकवलं, तो मला सोडतो?"

मी एका हाताने पँट धरून धावलो. "थांब! तिथंच थांब! आत येऊ नको! तू हुकमात नाहीस!"

"बघ, बघ, तोंडावर सांगतोय!" सुमनने पदर डोळ्याला लावला. ती चक्क रडायला लागली! ही बाई कांदा चिरताना सोडून कधी रडत नाही.

"दाजी," रंगनाथ म्हणाला, "तुम्ही मोठे हाय म्हणून आधी इचारतो. मारू का?"

"मला मारून जैसे थे राहील का रे?" मी ओरडलो.

रंगनाथ या प्रश्नावर विचार करत होता तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. वकीलसाहेब! आणि त्यांच्या मागे टांग्यातून उतरताहेत एक गोल गरगरीत गृहस्थ, हातात कागद आणि मोजायची टेप. कोर्ट कमिशनर! आप्पा पण सदरा घालत घरातून पळत आले.

मला वाटलं, चला, कष्टाचं चीज झालं. मी सगळ्यांना बाजूला सारून साहेबांना अंगणात घेऊन आलो.

"बघा साहेब! सगळं जैसे थे! लेंगा दोरीवर तसाच!"

कमिशनर साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हा लेंगा कधीपासून वाळतोय?"

"हुकमापासून! आणि ही चटणी! हा कांदा! आणि ही गाडी बघा. तसूभर हललेली नाय. चाकाखाली गवत उगवलंय साहेब, गवत!"

वकीलसाहेब मागून हळूच म्हणाले, "बबन, गप्प बस."

पण आप्पांच्या डोक्यात त्या क्षणी दिवा लागला. म्हातारा एकदम पुढे आला. "साहेब, लिहून घ्या! गाडी हलत नाही, हा स्वतःच म्हणतोय. गवत उगवलंय! मग ह्याला बोळ लागतोच कशाला?"

कमिशनर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही ही गाडी या बोळातून नेत नाही?"

मी छाती पुढे काढली. "अजिबात नाय साहेब! देवाशप्पथ!"

वकीलसाहेब शेळीशेजारी खाली बसले. दोन्ही हात डोक्याला. "अरे गाढवा," ते अगदी मायेने म्हणाले, "हुकूम बोळाला होता. बांधकाम करायचं नाही, एवढंच! गाडी रोज न्यायची, रोज आणायची. तोच तर तुझा हक्क. तेच तर आपण कोर्टात सांगितलं, की गाडी रोज या बोळातून जाते!"

हातातली पँट सुटता सुटता राहिली. कमिशनर साहेबांनी पेन उघडलं होतं. 'गाडी वापरात नाही' एवढं त्यांनी लिहिलं असतं की बोळ गेला असता. आणि तो मी माझ्या तोंडाने घालवला असता. देवाची शप्पथ घेऊन!

सुमनने डोळे पुसले. तिला सगळं कळलं होतं. तिला नेहमी माझ्याआधी कळतं. कुणाला काही न विचारता तिने पदर खोचला, गाडीचा दांडा धरला आणि ओरडली, "साहेब, ह्यांचं काय ऐकता? बोळातून गाडी जाते का नाय ते बघा! सरका!"

आणि गाडी निघाली! चाकं कुरकुरली, गवत उपटलं, दोरीला धक्का लागून लेंगा शेळीच्या डोक्यावर पडला. चाकाला बांधलेली शेळी लेंगा घालून बें बें करत गाडीभोवती नाचायला लागली. पहिल्याच गरक्यात ती कोर्टाची गाठ आपोआप सुटली! रंगनाथने बोळाच्या तोंडाशी पळत जाऊन एका लाथेत अर्धी वाळू आप्पांच्या ओट्यावर पाठवली. कमिशनर साहेब घाबरून बोळात शिरले आणि गाडी त्यांच्या मागे!

"पोट आत घ्या साहेब!" सुमन ओरडली.

साहेबांनी पोट आत घेतलं, पाठ भिंतीला लावली. गाडी त्यांना घासून पुढे गेली, इकडे चार बोटं, तिकडे साहेब. रस्त्यावर सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या. चटणी साहेबांच्या सदऱ्यावर सांडली होती, पण माणूस दिलदार. थोडा वेळ श्वास घेतला, मग कागदावर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "गाडी बोळातून जाते. मी स्वतः अनुभव घेतला."

वरून काकी ओरडली, "अहो, शेळी सुटली ना? आणा आता, आणि ती भिंत चुलीत घाला! जावई बसेल पुढच्या ओट्यावर!" आणि पुढे झालंही तसंच. आप्पांच्या जावयाने ओट्यावर पानाचं दुकान टाकलं, माझी गिऱ्हाइकं भत्ता खाऊन त्याच्याकडे पान खायला लागली आणि आप्पा मला बबन्याच्या जागी बबनराव म्हणायला लागले. लेंगा मात्र गेला. शेळीला फार आवडला होता.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी रस्त्यावर सगळे हसून हसून दमल्यावर वकीलसाहेब सायकलवर टांग टाकता टाकता थांबले आणि सुमनला म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही होता म्हणून वाचलो. पण एक विचारतो, राग मानू नका. हा माणूस आधीपासून असाच आहे, की कोर्टाची पायरी चढल्यावर झालाय?"

सुमनने गाडीवरची नासकी चटणी गटारीत ओतली, भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "साहेब, बोळाला जैसे थे तुम्ही आत्ता मिळवलं. ह्यांच्या डोक्याला लग्नापासून लागलंय. अक्षता पडल्या तवा जेवढं होतं तेवढंच हाय. काडी हललेली नाय!"